डोळ्यांत पाणी, तरी डोळे कोरडे!

भोर आणि वेल्हे परिसरात दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी आणि झोडणी सुरू होते. दिवसभर खळ्यावर भुसकट उडते आणि संध्याकाळी घरी आले की चुलीचा धूर असतो. रात्री डोळ्यांत खडे गेल्यासारखे टोचते, आग होते. सकाळी पापण्या उघडता उघडत नाहीत. मग बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानात जाऊन आपली माणसे सांगतात, "दादा, डोळ्यात टाकायला काहीतरी द्या." दुकानदार एक बाटली काढून देतो. ती बाटली घरी येते. आजी टाकते, सून टाकते, शाळेत जाणारा मुलगाही टाकतो. उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी फळीवर जाते.

ही बाटली कसली आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक सगळे काही त्या एका प्रश्नावर अवलंबून आहे. बाटलीत डोळ्याला ओलावा देणारे साधे थेंब असतील, तर जिवाला आराम पडतो. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या बाटलीत स्टेरॉइड असेल, तर पहिल्या दिवशी त्याहून जास्त बरे वाटते आणि काही महिन्यांनी नजर कायमची जाऊ शकते. डोळ्यावर ज्याचे पोट आहे, त्या कष्टकरी माणसाला ही चूक परवडणारी नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे

रडताना वाहतात तेवढेच अश्रू, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आपला डोळा दिवसभर अश्रूंच्या एका अतिशय पातळ थराने झाकलेला असतो. हा थर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा पातळ असतो, पण त्याचे काम मोठे आहे. बुबुळावरच्या पारदर्शक काचेला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. या काचेत रक्तवाहिन्या नसतात. तिला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, याच अश्रूंच्या थरामार्फत. धूळ धुऊन नेणे, जंतूंना अटकाव करणे आणि नजर स्वच्छ ठेवणे ही कामेही तोच करतो.

या थरात तीन गोष्टी असतात. अगदी आत, डोळ्याला चिकटून राहणारा बुळबुळीत पदार्थ असतो. तो पाण्याला डोळ्यावर धरून ठेवतो. मध्ये पाणी असते. त्यात क्षार आणि जंतुनाशक द्रव्ये मिसळलेली असतात. सगळ्यात वर तेलाचा तवंग असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत अशा साधारण पंचवीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस ते तीस ग्रंथी असतात. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. दुधावर साय धरली की वाफ कमी होते, तसेच हे तेल डोळ्यातील पाणी उडून जाऊ देत नाही. प्रत्येक वेळी पापणी मिटते तेव्हा हे तिन्ही थर डोळ्यावर नव्याने पसरतात.

यातले काहीही बिघडले की डोळा कोरडा पडतो. काही लोकांत पाणीच कमी तयार होते. त्याहून जास्त लोकांत पाणी पुरेसे असते, पण वरचे तेल कमी किंवा घट्ट झाल्यामुळे ते लवकर उडून जाते. उरलेले अश्रू खारट होतात आणि त्या खारटपणाने डोळ्याचा पृष्ठभाग चुरचुरतो, सुजतो. सुजलेल्या डोळ्यावर थर आणखीच टिकत नाही. असे हे चक्र सुरू होते.

पाणी वाहते, मग कोरडा कसा?

"माझ्या डोळ्यांतून तर सारखं पाणी येतं आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत!" अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. यात विसंगती वाटते, पण ती खरी नाही. डोळ्यावरचा थर जागोजागी फाटला की तिथे टोचते. टोचले की मेंदू धोक्याची सूचना समजून एकदम भरपूर पाणी सोडतो. पण या घाईच्या पाण्यात तेल आणि चिकटपणा पुरेसा नसतो. भेगाळलेल्या रानावर वळवाची सर पडावी आणि पाणी ओढ्याला निघून जावे, तसे हे पाणी गालावर ओघळून जाते आणि डोळा होता तसाच कोरडा राहतो. वाऱ्यात किंवा गाडीवर डोळ्यांतून पाणी येणे, वाचताना मधेच धूसर दिसणे आणि पापणी मिटली की पुन्हा स्वच्छ दिसणे, संध्याकाळी डोळे जड होणे, ही कोरडेपणाची नेहमीची लक्षणे आहेत.

डॉक्टर हे साध्या परीक्षांनी ओळखतात. खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती ओली होते ते मोजतात. दहा मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाणी कमी असल्याची शंका घेतात. ही परीक्षा शिर्मर या जर्मन डॉक्टरने १९०३ साली सांगितली आणि ती आजही वापरात आहे. दुसऱ्या परीक्षेत डोळ्यावर पिवळसर रंग लावून अश्रूंचा थर किती सेकंदांनी फाटतो ते पाहतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर थर कमजोर समजतात.

आपल्यात हा त्रास कोणाला होतो?

हा केवळ संगणकावर काम करणाऱ्या शहरी बाबूंचा आजार नव्हे. वय वाढले की अश्रू कमी होतात. मासिक पाळी थांबण्याच्या वयात स्त्रियांना हा त्रास जास्त होतो, आणि नेमक्या त्याच वयाच्या आपल्या आया-बहिणी चुलीपुढे सर्वांत जास्त बसतात. घरात गॅस आला तरी टाकी परवडत नाही म्हणून अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच, असे चित्र अनेक घरांत आहे. धुराने डोळ्याचा पृष्ठभाग दुखावतो आणि अश्रूंचा थर अस्थिर होतो.

दुसरा वर्ग दुचाकीवर कामाला जाणाऱ्या तरुणांचा. भोरहून कापूरहोळमार्गे, वेल्ह्याहून चेलाडी फाट्यामार्गे सातारा रस्त्याला लागायचे आणि शिरवळच्या, खेड-शिवापूरच्या कारखान्यांत किंवा थेट पुण्यात कामाला जायचे, असा त्यांचा दिनक्रम. तास-दीड तास तोंडावर वारा आणि ट्रकची धूळ. हेल्मेट घातले तरी काच वर! परत आल्यावर रात्री अंथरुणात मोबाइल. माणूस एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते आणि पापणी अर्धवटच मिटते. शिवणकाम करणाऱ्या भगिनी, कारखान्यात बारीक काम करणारे कामगार आणि कचेरीत दिवसभर संगणकासमोर बसणारे कारकून यांचेही असेच होते.

तिसरा वर्ग आजार आणि औषधांचा. मधुमेह, संधिवात आणि थायरॉइडच्या विकारांत डोळे कोरडे पडतात. सर्दी-खाजेवरच्या सेटिरिझीनसारख्या गोळ्या आणि मानसिक आजारावरची काही औषधे यांनीही अश्रू कमी होऊ शकतात. म्हणून त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना त्या दाखवायच्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, काहींना काही महिने, डोळ्यांत खुपते. तेही बहुधा कोरडेपणामुळे असते. "ऑपरेशन बिघडलं" असे म्हणून घाबरून जाऊ नये, पण तपासणीला मात्र जावे.

थेंब नेमके काय करतात?

ओलावा देणाऱ्या थेंबांना कृत्रिम अश्रू म्हणतात. ते पाण्यासारखे दिसतात, पण नुसते पाणी नसते. पाणी टाकले तर ते काही क्षणांत नाकाकडे निचरून जाईल. म्हणून या थेंबांत पाणी धरून ठेवणारा एखादा पदार्थ मिसळलेला असतो. सर्वांत जास्त वापरात असलेला पदार्थ म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. नाव लांबलचक आहे, म्हणून त्याला सी.एम.सी. म्हणतात. तो वनस्पतींच्या तंतूंपासून तयार करतात. दुसरा हायप्रोमेलोज, तिसरा सोडियम हायल्युरोनेट. यांतले हायल्युरोनेट आपल्या शरीरातही नैसर्गिकरीत्या असते आणि ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते.

हे थेंब चार कामे करतात. एक, फाटलेला थर भरून काढतात, त्यामुळे पापणी घासत नाही. चाकाला वंगण दिल्यावर कुरकुर थांबते तसेच हे आहे. दोन, खारट झालेले अश्रू सौम्य करतात, त्यामुळे आग कमी होते. तीन, डोळ्यावर साचलेली धूळ आणि दाह निर्माण करणारी द्रव्ये धुऊन काढतात. चार, पृष्ठभागावर पांघरूण घातल्यासारखे होऊन खालच्या दुखावलेल्या पेशींना भरून यायला सवड मिळते.

यावरून त्यांची मर्यादाही लक्षात यावी. हे थेंब ओलावा उसना देतात. अश्रू तयार करणारी ग्रंथी ते दुरुस्त करत नाहीत. त्यामुळे एकदा टाकले आणि काम झाले, असे होत नाही. नेमून दिलेल्या वेळी तीन-चार आठवडे टाकत राहिल्यावर खरा फरक कळतो. "दोन दिवस टाकलं, काही उपयोग नाही" म्हणून जोरदार औषध मागायला जाणे, इथेच घात होतो.

बाटलीचा हिशेब

जाहिरातीत महागडी बाटली दिसते आणि स्वस्तातली घेतली तर डोळ्याचे नुकसान होईल अशी भीती वाटते. या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कृत्रिम अश्रूंच्या ४३ चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केला. हे थेंब कोरड्या डोळ्याला उपयोगी पडू शकतात, पण अमुक एकच प्रकार इतर सर्वांपेक्षा श्रेष्ठ आहे असे सिद्ध झालेले नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला. तेव्हा साध्या त्रासासाठी सी.एम.सी. अर्धा टक्का हे जनौषधी केंद्रात मिळणारे जेनेरिक थेंब घेण्यात कमीपणा काहीच नाही. खोक्यावरचे मोठ्या अक्षरांतले नाव बाजूला ठेवून खाली बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे नाव वाचावे. ते इंग्रजीत असते. घरातल्या शिकत्या मुलामुलींना हे काम द्यावे.

आता थोडे गणित. दहा मिलिलिटरच्या बाटलीत साधारण दोनशे थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत दिवसातून चार वेळा एकेक थेंब टाकला तर रोज आठ थेंब लागतात, म्हणजे बाटली पंचवीस दिवस पुरते. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून महिन्याभरात वापरून टाकायच्या असतात. याचा अर्थ नीट वापरली तर बाटली जवळजवळ पूर्ण वापरली जाते आणि काही वाया जात नाही. जी वर्षभर फळीवर पडून राहते तीच वाया जाते आणि अपायही करते. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख खोक्यावर पेनाने लिहून ठेवावी.

बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून बहुधा एक संरक्षक द्रव्य घातलेले असते. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे त्यातले नेहमीचे. दिवसातून तीन-चार वेळा टाकणाऱ्याला त्याचा सहसा त्रास होत नाही. पण सहा-आठ वेळा टाकावे लागत असेल तर तेच द्रव्य डोळ्याचा पृष्ठभाग दुखावते. अशा वेळी डॉक्टर संरक्षक द्रव्य नसलेले थेंब देतात. ते छोट्या कुप्यांत मिळतात. उघडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नसते.

थेंब टाकण्याची रीत

आधी साबणाने हात धुवावेत. मान मागे करून खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढावी, म्हणजे छोटी खोळ तयार होते. तिच्यात एक थेंब सोडावा. बाटलीचे टोक डोळ्याला, पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नये. मग डोळा हळू मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. डोळे चोळू नयेत.

एका वेळी एकच थेंब पुरे. डोळ्यावर एरवी जेवढे अश्रू असतात, त्याच्या पाच-सहा पट द्रव बाटलीच्या एका थेंबात असतो. दुसरा थेंब टाकला तर तो गालावर येतो, म्हणजे पैसे गालावर ओघळले असे समजा. डोळ्याची दोन औषधे असतील तर दोघांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे आणि घट्ट जेल किंवा मलम सर्वांत शेवटी लावावे. जेल टाकल्यावर काही वेळ धूसर दिसते. अशा वेळी गाडी चालवू नये, कोयता-विळाही हातात घेऊ नये. बाटली एकाची एकालाच. नवरा-बायकोतही वाटून घेऊ नये.

स्वच्छतेवर इतका भर का, हे एका घटनेवरून कळेल. २०२३ साली अमेरिकेत अनेक लोकांच्या डोळ्यांत औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला. शोध घेता त्यातील पुष्कळ जण एकाच प्रकारचे कृत्रिम अश्रू वापरत होते असे आढळले. ते आपल्या देशात, चेन्नईजवळच्या एका कारखान्यात तयार झाले होते. बाटली अनेक दिवस वापरायची, पण आत संरक्षक द्रव्य नव्हते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मे २०२३ पर्यंत १८ राज्यांत ८१ रुग्ण मोजले. त्यांतील १४ जणांची दृष्टी गेली, चार जणांचे डोळे काढावे लागले आणि चार जण मरण पावले. माल बाजारातून परत मागवण्यात आला. यावरून कृत्रिम अश्रू वाईट असे समजू नये. पण डोळ्यात जाणारी प्रत्येक गोष्ट जंतुरहित असलीच पाहिजे, एवढा धडा घ्यावा. सील तुटलेली, मुदत संपलेली, गढूळ झालेली बाटली कितीही महागाची असो, फेकून द्यावी.

याच कारणाने मध, लिंबाचा रस, एरंडेल, तुळशीचा रस, आईचे दूध, गुलाबपाणी यांतले काहीही डोळ्यात घालू नये. वडीलधारी मंडळी प्रेमाने सांगतात, त्यांचा अपमान न करता त्यांना समजावून सांगावे. बोटाने आत भरलेले काजळ पापणीच्या तेलग्रंथींची तोंडे बंद करते. तेही टाळलेले बरे.

जादूच्या बाटलीपासून सावध

ज्या थेंबांनी तासाभरात लाली जाते, त्यांना आपण "चांगलं औषध" म्हणतो. काही थेंब डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आकसून लाली घालवतात. असर उतरला की लाली दुप्पट जोराने परत येते आणि माणूस त्या बाटलीला बांधला जातो. कोरडेपणा जिथल्या तिथे राहतो.

त्याहून घातक म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावे घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावीत. ही औषधे वाईट नाहीत. डॉक्टर ती ठराविक आजारात, ठराविक दिवसांसाठी, तपासणी करत देतात आणि कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण आपल्या मनाने महिनोन् महिने टाकत राहिले तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. यात दुखत नाही, खुपत नाही. उलट डोळा शांत वाटतो आणि आतली नस सुकत जाते. काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होतो.

२०२३ च्या जुलैमध्ये आळंदीसह आपल्या जिल्ह्यात आणि मग राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली होती. त्या वेळी अनेक घरांत वेगवेगळे थेंब आले असतील. त्यातली उरलेली बाटली अजून घरात असेल तर आजच तिची विल्हेवाट लावावी.

जिथे थांबायचे नाही

काही डोळ्यांना ओलाव्याचे थेंब पुरत नाहीत आणि तिथे वाट पाहणे धोक्याचे असते.

भाताचे पाते, कुसळ किंवा तूस डोळ्याला लागून नंतर दुखणे वाढत गेले, उजेड सहन होईना, बुबुळावर पांढरट ठिपका दिसू लागला, तर ती बुरशीची जखम असू शकते. भातपट्ट्यात ही नेहमीची गोष्ट आहे. अशा डोळ्यात स्टेरॉइड पडले तर बुरशीला मोकळे रान मिळते, बुबुळावर फूल पडते आणि डोळा जातो. दुसऱ्या दिवसाचीही वाट न पाहता डॉक्टर गाठावा. खळ्यावर झोडणी-उफणणी करताना साधा चष्मा किंवा गॉगल घातला तर ही वेळच येत नाही. लोक हसतील, हसू द्यावेत.

लहान मूल संध्याकाळी चाचपडत असेल, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका दिसत असेल, डोळे निस्तेज आणि कोरडे असतील, तर तो अ जीवनसत्त्वाचा अभाव असू शकतो. तिथे थेंब टाकत बसणे म्हणजे दिवस घालवणे होय. सरकारी कार्यक्रमात मुलाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे एकूण नऊ डोस मोफत दिले जातात. आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत चौकशी करून एकही चुकवू नये. शेवग्याचा पाला, राजगिरा, अळू, लाल भोपळा, पपई, गाजर हे आपल्या परसात आणि बाजारात मिळणारे अन्न मुलांच्या ताटात असावे.

अचानक नजर कमी होणे, डोळ्यातून पू येणे, एकच डोळा फार दुखणे, डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडून सांधे दुखणे, किंवा महिनाभर थेंब टाकूनही फरक न पडणे, या वेळीही डॉक्टरांकडेच जावे.

कुठे जावे? भोरला उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत करण्यात आले आहेत. डोळ्यांच्या तपासणीचा वार आधी विचारून घ्यावा, म्हणजे मजुरी बुडवून केलेली खेप फुकट जात नाही. पुढच्या उपचारासाठी पुण्याला ससून सर्वोपचार रुग्णालयाचा नेत्रविभाग आहे, तसेच महंमदवाडीचे एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय आहे. जाताना घरातल्या सगळ्या डोळ्यांच्या बाटल्या आणि चालू गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. "अमुक रंगाची बाटली होती" या वर्णनावरून डॉक्टरांना काही कळत नाही.

थेंबांच्या जोडीला

थेंबांचा खर्च कमी करणाऱ्या काही गोष्टी फुकट आहेत. स्वच्छ फडके कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवावे. पापणीतले घट्ट झालेले तेल त्याने पातळ होते. मग स्वच्छ बोटाने पापणीची कड हळुवार चोळून पुसावी. चूल शक्यतो उघड्यावर किंवा धुराडे असलेल्या जागी मांडावी, ओली लाकडे जाळू नयेत. गाडीवर हेल्मेटची काच खाली असावी. मोबाइल, शिवणयंत्र किंवा संगणक यांपुढे बसताना दर वीस मिनिटांनी नजर लांब न्यावी आणि दहा वेळा पापण्या पूर्ण मिटाव्यात. झोपताना पंख्याचा झोत तोंडावर नसावा. विडी-सिगारेटचा धूर ओढणाऱ्याच्या आणि शेजारी बसणाऱ्याच्याही डोळ्यांना सुकवतो.

भगिनींना एक विनंती. घरातल्या सगळ्यांच्या औषधपाण्याची काळजी तुम्ही घेता आणि स्वतःचे डोळे मात्र "धुरानं होतं, होईल बरं" म्हणून पदराने पुसत राहता. डोळ्यांची आग हा बाईच्या जन्माचा भाग नव्हे. तो आजार आहे आणि बहुतेक वेळा साध्या, स्वस्त थेंबांनी त्याला उतार पडतो. तेवढे थेंब मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

येत्या रविवारी प्रत्येक घराने एवढे करावे. फळीवरच्या, कपाटातल्या, देव्हाऱ्याशेजारच्या नव्हे तर जिथे कुठे असतील तिथल्या डोळ्यांच्या सगळ्या बाटल्या एका ताटात काढाव्यात. मुलामुलींनी त्यांची नावे आणि तारखा मोठ्याने वाचाव्यात. मुदत संपलेल्या आणि महिन्यापूर्वी उघडलेल्या टाकून द्याव्यात, स्टेरॉइडच्या बाजूला काढून डॉक्टरांना दाखवाव्यात. आणि पुढच्या वेळी दुकानात "काहीतरी द्या" असे म्हणू नये. "यात कोणतं औषध आहे?" असे विचारावे.